तिला विचारलं नव्हतं

मागच्या वर्षी नातीची बारावीची परीक्षा संपली आणि आमच्या घरात रोज रात्री जेवणं झाली की एकच विषय निघायला लागला. पोरीनं सायन्स घेतलेलं. आईच्या मनात नर्सिंग, बापाच्या मनात फार्मसी. त्याचं तालुक्याला औषधाचं दुकान आहे. त्या दुकानात एक दिवस पोरीच्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीवर लागावं, एवढीच त्याची इच्छा. पोरगी गप्प ऐकून घ्यायची. एके रात्री ताटावरून उठता उठता म्हणाली, "मला मानवशास्त्र शिकायचंय."

"म्हंजी काय असतंय?" सूनबाईनं विचारलं.

"माणसांचा अभ्यास."

"त्येला कालेज कशाला लागतंय? लगीन कर, हुतोय आपोआप."

सगळे हसले. पोरगी हसली नाही. तिनं आतून वहीचा एक कागद आणला आणि दिव्याखाली पसरला. सगळं लिहून काढलेलं होतं. या विषयाच्या चार मोठ्या फांद्या. एक माणसाच्या शरीराची, त्याच्या रक्तगटांची, हाडांची आणि उत्क्रांतीची. दुसरी जमिनीखाली सापडणाऱ्या जुन्या वस्तीची. तिसरी भाषेची. चौथी चालीरीतींची, नात्यागोत्यांची, देवाधर्माची, बाजारहाटाची. दिल्ली विद्यापीठात याची बी.एस्सी. ऑनर्स आहे, तिला सीयूईटी नावाची परीक्षा द्यावी लागते. कोलकात्याच्या विद्यापीठात हा विषय शंभर वर्षांपासून शिकवतात. इग्नूची घरी बसून करायची पदवीही आहे. पुण्याच्या विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे आणि डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र आहे, ते पुढे एम.ए.ला उपयोगी. खाली खर्चाची बेरीजसुद्धा मांडली होती.

"आणि नोकरी?" मुलानं विचारलं.

त्याचंही उत्तर कागदावर होतं. भारताचं मानवशास्त्रीय सर्वेक्षण खातं आहे, १९४५ पासूनचं. वस्तुसंग्रहालयं आहेत. पुण्यात आदिवासी संशोधन संस्था आहे. आरोग्याचे, पुनर्वसनाचे सर्व्हे असतात. आणि यूपीएससीला पुष्कळ पोरं हाच विषय घेतात. हे शेवटचं वाक्य ऐकून मुलाचा चेहरा जरा सैल झाला. कलेक्टर हा शब्द खेड्यात पुष्कळ दारं उघडतो.

मग पोरगी माझ्याकडं वळली. "आबा, तुम्ही सांगा."

मी काही बोललो नाही. पान जुळवत बसलो. मी मास्तर माणूस, तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना 'शिका' म्हणत आलो. पण तिनं ज्या विषयाचं नाव घेतलं, तो विषय पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरात येऊन, चार महिने जेवून गेला होता. आणि जाताना एक गोष्ट ठेवून गेला होता, एक घेऊन गेला होता.

आम्ही मूळचे कोयनेच्या खोऱ्यातले. गाव आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरणाच्या कामात आमच्या माणसांना उठावं लागलं तेव्हा मी चार-पाच वर्षांचा होतो. भाताच्या खाचरांतून, नाचणी-वरीच्या उतारांतून, कमरेएवढ्या पावसातून आम्हाला उचलून पूर्वेकडच्या कोरड्या माळावर आणून ठेवलं. इथं जोंधळा आणि बाजरी. तिकडं घरं उतरत्या छपराची, इकडं धाब्याची. माझ्या आज्जीला जोंधळ्याची भाकरी थापायला जमेना. म्हणायची, "ह्या पिठाला चिकटपणाच न्हाई, ह्या मातीवानी." पुढं ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिकडं भूकंप झाला. आज्जी त्या दिवशी दारात बसून राहिली. गाव तर आधीच बुडालं होतं. तरी तिला वाटत होतं की आता ते पडलं.

नव्या गावात आम्ही 'धरणवाले'. गावच्या विहिरीवर, देवळात, लग्नाच्या पंगतीत आमची जागा शेवटची. जमीन मिळाली ती खडकाळ, आणि तीही कुणाला मिळाली, कुणाला नाही. अशा ठिकाणी माणसाजवळ एकच गोष्ट असते, अब्रू. ती तरी झाकून ठेवावी लागते.

१९७४ साली पुण्याहून एक ताई आल्या. प्रबंध लिहायचा होता. उठवलेल्या माणसांचं नव्या गावात काय होतं, हा विषय. आमच्याच घरी उतरल्या. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीवर आलेलो. घरात शिकलेला एकटाच. ताईंची शबनम खांद्याला लावून मी गावभर हिंडायचो. कुणाच्या बोलीतला शब्द त्यांना कळला नाही की समजावून द्यायचो. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. ताई वाईट नव्हत्या, हे आधी सांगतो. जात्यावर बसायच्या, जमिनीवर झोपायच्या, आज्जीचे पाय चेपायच्या. आज्जी त्यांना 'पोरी' म्हणायची.

आज्जीकडून त्यांनी एक मोठं काम करून घेतलं. बुडालेल्या गावातल्या एकेका शेताचं, वाटेचं, झऱ्याचं, दगडाचं नाव विचारून लिहून काढलं. आज्जी डोळे मिटून चालत असल्यासारखी सांगायची. घराच्या मागं निघालं की आधी उंबराचं खाचर, मग सासूचा टेप, मग बाळंतिणीचा झरा, मग जोगत्याची पट्टी. त्रेचाळीस नावं झाली. सरकारी दप्तरात त्या जमिनींना नुसते नंबर होते. नावं फक्त आज्जीच्या जिभेवर होती. दोन वर्षांनी ती गेली.

ही ठेवून गेलेली गोष्ट. आता नेलेली सांगतो.

माझी थोरली चुलती आमच्यातच राहायची. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला चुलता, भरपाईचे पैसे हातात पडल्यावर मुंबईला गेला तो तिकडंच राहिला. तिकडं त्यानं दुसरं घर केलं. जमीन पुरुषांच्या नावावर, म्हणून पैसाही पुरुषांच्या हातात. चुलतीच्या हातात एक लेक आणि कपाळावर कुंकू. गावात आम्ही सांगत होतो, "मिलमध्ये हाईत. रजा मिळत न्हाई." दर महिन्याला चुलतीच्या नावानं मनीऑर्डर यायची. पोस्टमन चार लोकांदेखत पैसे मोजून द्यायचा. त्या पंधरा रुपयांवर तिची गावातली मान उभी होती.

पण मनीऑर्डरच्या खालच्या चिठ्ठीवरचं अक्षर चुलत्याचं नव्हतं. ते चुलतीच्या भावाचं होतं. तो गोदीत हमाली करायचा आणि बहिणीची लाज राखायला दाजीच्या नावानं पैसे पाठवायचा. चुलतीला वाचता येत नव्हतं. चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचो, म्हणून मला ठाऊक होतं. घरात आज्जा-आज्जीला ठाऊक होतं. चुलतीला तर होतंच. पण कुणी कधी उच्चार केला नाही.

एका संध्याकाळी मी ताईंना एसटीला पोचवायला निघालो होतो. वाटेत त्यांनी विचारलं, भरपाईच्या पैशाचं घराघरात काय झालं? मी सांगत गेलो. कुणी बैल घेतले, कुणी लग्न केलं, कुणी दारूत घातले. आणि मग आपल्याला किती खोलवरचं ठाऊक आहे ते दाखवायच्या नादात मी मनीऑर्डरची गोष्ट सांगितली. ताई थांबल्या. वही काढली. मी हो-नाही काही म्हटलं नाही. मला त्या क्षणी अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना हात जड होतो.

प्रबंध झाला, पुढं त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यात गावाचं नाव बदललेलं होतं, माणसांची नावं बदललेली होती. रीतीप्रमाणं सगळं बरोबर. पण आमच्याच गावचं एक पोरगं पुण्याला शिकत होतं. त्यानं ग्रंथालयात ते पुस्तक बघितलं, विहीर ओळखली, देऊळ ओळखलं, आणि झेरॉक्स काढून सुट्टीत गावाला आणली. पारावर बसून मराठीत उलगडून सांगितली. धरणवाल्यांतली बाई, नवरा मुंबईला, एक मुलगी, दर महिन्याला मनीऑर्डर. असं घर गावात एकच होतं. नाव बदललं की दूरच्या वाचकापासून माणूस झाकतो, शेजाऱ्यापासून झाकत नाही. आठ दिवसांत पोस्टमनसुद्धा हसायला लागला. चुलतीनं भावाला निरोप धाडला, पैसे पाठवू नको. त्यानंतर ती पाण्याला दिवस मावळल्यावर जायची.

मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात मास्तर होतो. ऐकलं आणि रजा टाकून आलो. चुलती परड्यात शेणी लावत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ती हात न थांबवता म्हणाली, "ल्येकरा, त्या पोरीनं खोटं काय लिवलं न्हाई. समदं खरं हाय. पर मला इचारलं न्हाई."

मला काही बोलली नाही. मी सांगितलं हे तिला कळलेलं होतं, कारण दुसरं कोण सांगणार? पण ते तिनं कधी तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडलेला आहे. आम्हा मास्तरांना शिकवलेलं असतं, खरं बोलावं. पण खरं कुणाचं असतं? ज्याला ते ठाऊक झालं त्याचं, की ज्यानं ते भोगलं त्याचं?

हे सगळं मी नातीला त्या रात्री सांगितलं नाही. दोन दिवसांनी गच्चीवर बसून सांगितलं. तिला अर्धं ठाऊक होतं. आज्जीच्या त्रेचाळीस नावांची झेरॉक्स माझ्या पेटीत तिला कधीच सापडली होती. ती वाचूनच तिला हा विषय शिकावासा वाटला होता. म्हणजे ज्या पुस्तकानं आमच्या घरातल्या एका बाईची मान खाली घातली, त्याच पुस्तकानं तिच्या पुढच्या तिसऱ्या पिढीतल्या पोरीला वाट दाखवली. आता याला काय म्हणावं?

मी तिला म्हटलं, "ह्या विषयाचे हात स्वच्छ नाहीत, एवढं समजून जा." माझं वाचन थोडं, पण या बाबतीत मी जमेल ते वाचलेलं आहे. १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख रिस्ले हा माणसांची नाकं मोजायचा, आणि नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरते असं मांडायचा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी लोकांना त्यात घातलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली, पोलिसांकडं हजेरी लावायला लावली. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं, आणि तो शिक्का अजून पुरता गेलेला नाही. कुणीतरी आधी त्या लोकांकडं बघितलं होतं, 'हे लोक असे असतात' असं लिहिलं होतं, तेव्हा पुढचं झालं. बघणाऱ्याच्या हातात वही असते आणि मागं सरकार असतं, तेव्हा नुसतं बघणंही साधं राहत नाही.

नात म्हणाली, "आबा, पण इरावतीबाई?"

ती तयारी करून आली होती. इरावती कर्वे १९२८ च्या सुमाराला जर्मनीत बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठपणावर विश्वास असणारे. कवट्या मोजायचं काम बाईंना मिळालं, आणि मोजमापांतून गोऱ्यांच्या कवटीचा वेगळेपणा सिद्ध व्हावा अशी अपेक्षा होती. बाईंनी मोजून सांगितलं, तसं काही दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या हातात पदवी असताना, एका बाईनं हे लिहायचं म्हणजे गंमत नव्हे. पुढं डेक्कन कॉलेजात त्यांनी जन्मभर काम केलं. आणि कोयनेच्या उठवलेल्या लोकांचा सर्व्हेही त्यांनी जाई निंबकरांबरोबर केला, तो १९६९ साली छापून आला. आमच्याकडं आलेल्या ताई त्यांच्या नंतरच्या.

"तेच शास्त्र," नात म्हणाली, "नाक मोजायलाही तेच आणि नाक मोजून काही कळत नाही म्हणायलाही तेच."

मी मान हलवली. मग ती म्हणाली, "आणि समजा, प्रत्येकाला विचारूनच लिहायचं ठरवलं, तर सावकाराला विचारून सावकारी लिहिता येईल? भरपाई लाटणाऱ्या पुढाऱ्याला विचारून?"

हा प्रश्न बरोबर होता. मला त्याचं उत्तर शोधायला वेळ लागला. मी म्हटलं, "ज्याच्या झाकण्यानं दुसऱ्याचं घर बुडतं, त्याचं झाकण काढावं. त्याला विचारायची गरज नाही. चुलतीच्या झाकण्यानं कुणाचं काय गेलं होतं?"

"तिच्या झाकण्यानं तिच्या नवऱ्याचं झाकलं गेलं," पोरगी म्हणाली. "पैसे बायकांच्या हातात का दिले नाहीत, हे सरकारला कुणीतरी सांगायला पाहिजेच होतं ना? तशा किती बायका असतील."

मी गप्प झालो. सतरा वर्षांच्या पोरीनं माझी चाळीस वर्षांची समजूत उचलून दुसऱ्या जागी ठेवली. ताईंनी लिहिलं ते लिहिण्यासारखंच होतं. चूक लिहिण्यात नव्हती. ताईंनी मला विचारलं आणि मी सांगितलं, आणि जिचं होतं ती घरात भाकरी करत होती. वीस पावलांवर. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? मला वाटतं, कदाचित हो म्हणाली असती. वेगळ्या शब्दांत, तिच्या बाजूनं, भावाचं नाव मानानं घेऊन सांगितलं असतं. तोच सल आहे. आम्ही तिचं दुःख तर चव्हाट्यावर मांडलंच, पण ते सांगण्याचा तिचा हक्कही घेतला.

आता वाचणारा म्हणेल, मास्तर, मग तुम्ही तरी हे काय करताय? चुलती जाऊन पंचवीस वर्षं झाली. हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिच्या लेकीकडं, माझ्या आक्काकडं गेलो. सगळं वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले, म्हणाली, "मामाचं चांगलं लिव." आणि एक गोष्ट काढून टाकायला सांगितली. ती काढली आहे. त्यामुळं लेखाला कुठं खड्डा पडल्यासारखं वाटलं तर तो तसाच राहू द्यावा.

मग आम्ही दोघांनी तिचा तो कागद पुन्हा मांडला. सीयूईटी द्यायची हे ठरलं. दिल्ली मिळाली तर आईला कसं पटवायचं, ते माझ्याकडं. नाही मिळाली तर इग्नू किंवा इथंच कराडला दुसऱ्या विषयात पदवी आणि मग पुण्याला एम.ए. वर्षावर्षाची आखणी केली. पहिल्या वर्षी शरीराचा भाग आणि आकडेमोड पक्की करायची, कारण तिथं पोरं कच्ची राहतात. इंग्रजी रोज, आणि मराठीत रोज एक पान, कारण माणसं मराठीत बोलतात. दुसऱ्या वर्षी शिबिराला, क्षेत्रकार्याला जिथं नेतील तिथं जायचं, पण परत येताना पत्ता घेऊन यायचं आणि पत्र टाकायचं. शेवटच्या वर्षाच्या रकान्यापुढं मी एकच ओळ लिहिली. ज्यांचं लिहिशील त्यांच्या दारात बसून, त्यांना कळेल अशा भाषेत, ते आधी वाचून दाखव. ज्याला हे करायची लाज वाटते, त्यानं ते लिहिलेलं फाडून टाकावं.

सूनबाई चहा घेऊन आली. कागदाकडं बघत म्हणाली, "एवढं करून शेवटाला पोटाला मिळंल का?" त्याचं उत्तर आम्हा दोघांकडंही नव्हतं. फार्मसीत ते आहे, यात नाही. तिला खोटं सांगितलं नाही.

मे महिन्यात नात आज्जीची ती त्रेचाळीस नावं घेऊन धरणवाल्यांच्या आळीत गेली. मीही बरोबर होतो. तिकडचं गाव आठवणाऱ्या आता दोनच म्हाताऱ्या उरल्या आहेत. एकीला नीट ऐकू येत नाही. पोरगी तिच्या कानाशी तोंड नेऊन एकेक नाव वाचत होती. सव्विसाव्या नावाला म्हातारी थांबली. "जोगत्याची न्हाई गं. जोगतिणीची. जोगतिणीची पट्टी." ताईंनी ऐकताना चूक केली होती, का आज्जीनंच तसं सांगितलं होतं, देव जाणे. नातीनं ते नाव दुरुस्त केलं.

"जोगतीण कोण होती?" तिनं विचारलं.

म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग पोरीकडं. मग म्हणाली, "सांगते. पर त्ये लिवू नगंस."

नातीनं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून पाठीमागं ठेवली. म्हातारीनं सांगितलं. आम्ही ऐकलं.